वायरीचं दुसरं टोक

हिरा सातवीत होती तेव्हा तिनं वडलांचा रेडिओ खोलला. जुन्नरकडच्या आण्याच्या पठारावर त्यांचं घर. रेडिओ दाराकडं तोंड करून टांगला की खणखणीत बोलायचा, आणि तोच बाजूच्या भिंतीकडं फिरवला की नुसता खरखरायचा. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण असं का, हे कोणी विचारलं नव्हतं. हिरानं मागचे चार स्क्रू काढले. आत एका काळ्या कांडीवर तांब्याची तार गुंडाळलेली होती. रेडिओ फिरवला की कांडी फिरते आणि कांडी फिरली की आवाज जातो, एवढं तिला दुपारभरात कळलं. संध्याकाळी वडील मेंढरं घेऊन आले, पसारा बघितला आणि म्हणाले, होता तसा बसव. तिनं बसवला. एक स्क्रू उरला, तो पुढं बरेच दिवस तिच्या दप्तरात होता.

दहावीनंतर लग्न होऊन ती आंबेगाव तालुक्यात पेठला आली. नवरा जालिंदर, सासरे राघूबाबा, सासू तुकाबाई आणि दीडशे मेंढरं. पहिली सात वर्षं दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणच्या बाजूला भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची. तिथंही ज्याच्या खाचरात मुक्काम, त्याच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बघायला ती जायची. बटण दाबल्यावर आत टक्कन काय वाजतं, हे तिला पाहिजे असायचं. तुकाबाई शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायकांना सांगायची, "आमची सून माणसांशी कमी न् मशिनीशी जास्त बोलती."

मुलगी सृष्टी शाळेत जायची झाली आणि कोकणात उतरणं बंद झालं. मेंढरं कमी केली, थोडी जमीन घेतली, जालिंदर चाकणला एका कंपनीत लागला. हळूहळू स्लॅबचं घर झालं. त्रेचाळीस मेंढरं मात्र राहिली, ती राघूबाबांसाठी. मेंढरांशिवाय त्यांना अन्न गोड लागलं नसतं.

हिराचं बघणं चालूच राहिलं. मिक्सर बंद पडला, इस्त्री तापेना, मोटार पाणी ओढेना, की आळीतल्या बायका तिलाच हाक मारायच्या. "बघू तरी," एवढं म्हणून ती बसायची. दर वेळी दुरुस्त व्हायचंच असं नाही. पण बिघडलंय कुठं, ते बहुतेक वेळा सापडायचं, आणि तिला त्याचंच समाधान जास्त असायचं. देवाचंही तिचं फार मोठं काही नव्हतं. सकाळी आंघोळ, दिवा, खंडोबाच्या टाकांना हळद, दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहणं आणि मग चूल. पण जे करायची ते चुकवायची नाही.

मेंढरांचा वाडा घरामागं, शे-सव्वाशे पावलांवर. त्याच्या पलीकडं ऊस. तीन वर्षांमागं उसातून बिबट्या आला आणि दोन कोकरं घेऊन गेला. तेव्हापासून राघूबाबा वाड्यावरच झोपायचे. थंडी असो, पाऊस असो, घोंगडी आणि काठी घेऊन तिथंच. शेवटी मागच्या साली जालिंदरनं वाड्यावर दोन कॅमेरे बसवून घेतले. त्यांच्या वायरी घरात आल्या त्या जिन्याखालच्या धान्याच्या खोलीत, एका काळ्या डब्यात. त्याला डीव्हीआर म्हणतात. सगळं चित्र तिथं साठतं. डीव्हीआरमधून निघालेली एक वायर भिंतीला खिळे मारून देवघरापर्यंत नेली होती. देवघरात, कारण बाहेरून इंटरनेटची केबल त्याच भिंतीतून आली होती आणि इन्व्हर्टरचा प्लगही तिथंच होता. तेव्हा कडाप्प्याच्या फळीवर एका बाजूला खंडोबा, म्हाळसा, बाणाई आणि दुसऱ्या बाजूला वायफायचा राउटर अशी मांडणी झाली होती. तुकाबाईनं पहिले आठ दिवस राउटरलाही हळद-कुंकू वाहिलं. नंतर त्याचं तोंड गरम लागतं म्हणून सोडून दिलं.

फिटरनं सोय अशी केली होती की घरच्या वायफायवर असलेल्या मोबाइलमध्ये वाड्याचं चित्र दिसावं. राघूबाबा एक मोबाइल उशाशी घेऊन झोपायला लागले. जाग आली की अंधारात मोबाइल डोळ्यांजवळ धरायचे, मेंढरं बघायचे आणि कूस बदलायचे. सत्तरी उलटल्यावर माणूस पुन्हा घरात झोपायला लागला, याचं तुकाबाईलाच जास्त नवल वाटत होतं.

यंदा मार्गशीर्षाच्या तोंडावर दोन गोष्टी एकदम आल्या. राघूबाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उजव्यावरच सगळा संसार झाला, आणि त्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की वीस दिवस धूळ नको, धूर नको, वजन उचलणं नको. वाड्यावर लेंडीची धूळ आणि शेकोटीचा धूर याशिवाय दुसरं काही नसतं. राघूबाबा काळा चष्मा लावून ओसरीवर बसले. कंटाळले, पण बसले, कारण मेंढरं मोबाइलात दिसत होती.

दुसरी गोष्ट सृष्टीची. ती पुण्यात एका कंपनीत होती आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची. वरच्या नव्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, म्हणून राउटरपासून एक लांब वायर माजघरातल्या टेबलापर्यंत आणून ती लॅपटॉपला लावून बसायची. एका कानात साहेब आणि दुसऱ्या कानात आजीच्या टीव्हीतलं कीर्तन. त्याला वैतागून तिनं मेश वायफाय मागवलं. खोक्यातून दोन पांढरे, गोल, दुधाच्या लोटीएवढे डबे निघाले. एक डबा वायरीनं जुन्या राउटरला जोडायचा. दुसरा लांब कुठंतरी ठेवायचा, तो पहिल्याकडून हवेतूनच नेट घेतो आणि पुढं देतो.

रविवारी ते लावायला घेतलं, आणि शनिवारीच घट बसले होते. खंडोबाच्या सहा दिवसांत घरात घट असतात. टाक विड्याच्या पानांवर मांडलेले, पुढं पत्रावळीत माती आणि त्यात पेरलेलं धान, वर रोज एक वाढत जाणारी माळ, बाजूला अखंड दिवा. षष्ठीला घट उठेपर्यंत देव हलवायचे नाहीत आणि त्यांच्या पुढ्यातलं काही सरकवायचं नाही. राउटर नेमका मागं राहिला होता. त्याच्या वायरी घटाच्या मागून, माळेखालून गेल्या होत्या.

सृष्टीनं कडाप्प्याकडं हात नेला तशी हिरानं तिला थांबवलं.

"मम्मी, टीव्हीची न् कॅमेऱ्याची वायर इथनं काढून नव्या डब्याला लावायचीय. पाच मिनिटं."

"षष्ठी झाली की लाव."

"अगं, देवाला नाही हात लावत."

"घटाच्या वरून हात घालशील. माळ हालंल. दिवा हाये तिथं. राहू दे."

सृष्टीनं वाद घातला नाही. जरा विचार केला आणि माजघरात गेली. तिच्या लॅपटॉपची लांब वायर राउटरमध्ये आधीच लावलेली होती. तिनं टेबलाकडचं टोक लॅपटॉपमधून काढलं आणि पहिल्या पांढऱ्या डब्यात बसवलं. देवघरात बोटही लावावं लागलं नाही. दुसरा डबा वरच्या खोलीत ठेवला. घरातले सगळे मोबाइल नव्या नावावर घेतले, आणि मोबाइल पुन्हा जुन्या नावाकडं पळू नयेत म्हणून जुन्या राउटरचं वायफाय बंद करून टाकलं. नेट सगळीकडं धावायला लागलं. तुकाबाईचा टीव्ही जुन्या वायरीवरच होता, तोही चालला. सृष्टी वरच्या खोलीत जाऊन दार लावून बसली.

संध्याकाळी राघूबाबांच्या मोबाइलात मेंढरं आली नाहीत. डिव्हाइस सापडत नाही, असं काहीतरी तिथं येत होतं. नेट कधी येतं कधी जातं, येईल उद्या, असं सगळ्यांना वाटलं. त्यातून दोन दिवसांपूर्वी उसाच्या बांधावर ठसे दिसले होते. जालिंदरला सुट्टी होती, तो घोंगडी घेऊन वाड्यावर गेला. सोमवारी पहाटेच्या एसटीनं सृष्टी पुण्याला गेली. जालिंदरची त्या दिवसापासून दुसरी पाळी, तो दुपारच्या आत निघणार आणि मध्यरात्रीनंतरच परतणार होता.

सोमवारी सकाळीही मोबाइलात काही नव्हतं. राघूबाबांनी चहा पिताना शांतपणे सांगून टाकलं, "दिवस मावळायच्या आत मेंढरं दिसली तर ठीक. न्हाईतर मी वाड्याव जाणार."

तुकाबाई चिडली. "डागदरानं काय सांगितलंय? एकच डोळा हाये तुमाला."

"एकच हाये म्हणून तर. मेंढरं त्याच्याम्होरं असावीत."

हिरा म्हणाली, मी झोपते वाड्यावर. त्यावर सासू-सासऱ्यांचं पहिल्यांदा एकमत झालं. बिबट्याचे ठसे असताना सुनेला एकटीला पाठवायचं नाही. पुतण्या दादाभाऊ असता तर तो गेला असता, पण त्याचं बिऱ्हाड कोकणात उतरलेलं. जालिंदरनं रजेसाठी फोन लावून बघितला, नव्या महिन्याच्या पाळ्या आधीच लागलेल्या म्हणून मिळाली नाही. डब्यात भाकरी घालून देताना हिरा त्याला म्हणाली, तुम्ही जावा, मी बघते. ती हे सहज म्हणाली, पण तो गेल्यावर तिला जाणवलं की आता संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. सृष्टीला फोन लावला तर बंद. ऑफिसात मोबाइल बाहेर ठेवून घेतात, जेवणाच्या सुट्टीतच हातात मिळतो.

मग हिरा बघायला बसली.

पहिल्यांदा धान्याच्या खोलीत गेली. डीव्हीआरचे दिवे लागलेले होते. आतून पंख्याचा घुं घुं आवाज येत होता. म्हणजे तो जिवंत आहे. माजघरात आली. टीव्ही चालू, तुकाबाई माळेला झेंडू ओवत कीर्तन ऐकत होती. आपला मोबाइल बघितला, त्यात नेट होतं. सासऱ्यांच्याही मोबाइलात होतं. सगळं चालू आणि मेंढरं मात्र गायब. हे तिला फार आवडलं. म्हणजे आवडलं असं म्हणायला नको, सासऱ्यांच्या डोळ्याची काळजी पोटात होतीच. पण एखादी वस्तू बंद पडते तेव्हा तिच्यातलं काहीतरी मोडलेलं असतं. इथं मोडलेलं काहीच नव्हतं.

देवघरासमोर उभी राहून तिनं नुसत्या नजरेनं वायरी मोजल्या. बाहेरून येणारी एक. टीव्हीकडं जाणारी एक. डीव्हीआरची एक. सृष्टीच्या टेबलाकडं जाणारी एक. कॅलेंडरच्या सरलेल्या महिन्याचं पान फाडून तिनं मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोन काढले आणि रेघा ओढल्या. तुकाबाई मान लांब करून बघत म्हणाली, "रांगोळी चांगलीय. ठिपकं कुठंयत?"

टीव्ही आणि डीव्हीआर एकाच जुन्या राउटरला. मग टीव्ही चालतो आणि कॅमेरा का दिसत नाही? हिरानं टीव्हीपासून विचार सुरू केला. टीव्हीला घरातल्या कोणाशी काही देणंघेणं नाही. त्याला बाहेरून कीर्तन आलं की झालं. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याचं चित्र घरातल्या घरात, मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मोबाइलनं येऊन शोधायचं असतं. आणि मामांचा मोबाइल आता जुन्या राउटरवर नाही. तो पांढऱ्या डब्याकडं गेलाय.

तिला कल्याणकडचा एक मुक्काम आठवला. एकाच खाचरात दोन बिऱ्हाडांची मेंढरं होती. मालक एक, पाणी एकाच विहिरीचं, पण मधे जाळी लावलेली. एकदा त्यांचं एक कोकरू पलीकडच्या जाळीत राहिलं होतं. आई अलीकडं ओरडत होती, कोकरू पलीकडं ओरडत होतं. दोघांनाही चारापाणी होतं, पण एकमेकांपर्यंत पोचता येत नव्हतं. पांढऱ्या डब्यानं तसंच केलं असणार. घरातच त्यानं आपली वेगळी जाळी लावली. मोबाइल सगळे आत आले आणि कॅमेऱ्याचा डबा बाहेर राहिला.

हे बरोबर की चूक, ते तिला माहीत नव्हतं. दीड वाजता सृष्टीचा फोन आला तेव्हा तिनं ते जाळीसकट सांगितलं.

"मम्मी, अगदी हेच झालंय. मला काल सुचायला पाहिजे होतं. कॅमेऱ्याची वायर जुन्या राउटरमधून काढ आणि नव्या डब्यात लाव. झालं."

"घट बसलेत."

"म्हणून तर काल राहिली ती."

"जुनं वायफाय चालू करता येतंय का?"

"येतं, पण ते मला तिथं येऊनच करावं लागेल. इथून नाही जमणार. मम्मी, खंडोबाला कळत नसेल का आबांच्या डोळ्याचं?"

कळत असेल, हे तिलाही वाटत होतं. देव रागावेल असं तिला खरं तर कधीच वाटलं नव्हतं. पण सहा दिवस आपण हे मोडणार नाही, असं आपण म्हटलेलं असतं. पहिल्या अडचणीला ते मोडायचं, तर मग म्हटलं कशाला? ती सृष्टीला एवढंच म्हणाली, तू जेव नीट, मी बघते.

फोन ठेवून ती देवघरासमोर जाऊन उभी राहिली. दिवा मंद होता, तिनं लांबूनच पळीनं तेल घातलं. घटातल्या धानाला मोड फुटले होते. आणि दिव्याकडं बघत असताना तिला सृष्टीनं काल काय केलं ते दिसलं. पोरीनं राउटरला हात लावलाच नव्हता. वायर तिथंच राहू दिली आणि टेबलाकडचं टोक काढलं. मग कॅमेऱ्याच्या वायरीलाही दुसरं टोक आहेच की. ते धान्याच्या खोलीत, डीव्हीआरच्या पाठीत आहे. ते काढलं तर देवघरातलं टोक जिथल्या तिथं राहील. वायर भिंतीला खिळे मारून घट्ट बसवलेली, इकडं काढलं म्हणून तिकडं हलायचीही नाही.

तरी तिनं सासूला विचारलं, जिन्याखालचं टोक काढलं तर चालेल का.

तुकाबाईनं माळेची गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "दिव्याची वात हालली न्हाई म्हंजी झालं. आन् हे बघ, देवाच्या मागं काय काय चालतंय ते देव कवाच वळून बघत न्हाई."

आता डीव्हीआरमधून नव्या डब्यापर्यंत वायर न्यायची. पांढऱ्या डब्याच्या खोक्यात एक जादा वायर होती, पण हातभरच. माजघरातला डबा भिंतीपलीकडं, तिथं ती पोचणार नव्हती. डीव्हीआर उचलून नेता येत नव्हता, वाड्याकडून आलेल्या कॅमेऱ्यांच्या वायरी त्याला ताणून धरत होत्या. मंचरच्या बाजारातून लांब वायर आणायची म्हटली तर एसटीनं जाऊन येईपर्यंत दिवस मावळला असता. मामा तोवर थांबतील याचा भरवसा नव्हता. ते ओसरीवर काठीला तेल लावत बसले होते.

हिरा वर गेली, सृष्टीच्या खोलीत. दुसरा पांढरा डबा खिडकीत होता. याला कुठूनच नेटची वायर येत नाही, नुसती विजेची. सगळं हवेतून. तिनं तो हातात घेऊन पाठ फिरवली, तर मागं दोन भोकं. वायर लावायची, तशीच चौकोनी.

ती खाली बसली. हा हवेवर चालणारा डबा. मग याला वायरीची भोकं कशाला ठेवली असतील? करणाऱ्यानं उगाच तर ठेवली नसणार. घेण्यासाठी नसतील, तर देण्यासाठी असतील. हा हवेतून घेत असेल आणि ज्याला हवेतलं कळत नाही त्याला वायरीनं देत असेल. डीव्हीआरला हवेतलं कळत नाही. तो जुना माणूस, हातात दिलं तरच घेणार.

असं असेल का? विचारायला कोणी नव्हतं. करून बघणं एवढंच उरलं होतं.

तिनं डब्याचा प्लग काढला. वरचा पांढरा दिवा गेला. सृष्टीनं एवढं जमवलेलं आपण घालवलं तर? पदरात डबा धरून ती जिना उतरली. धान्याच्या खोलीत डीव्हीआरच्या शेजारी, बाजरीच्या पिंपावर तो ठेवला आणि तिथल्या बोर्डात प्लग लावला. दिवा लाल लागला. मग उघडझाप करायला लागला. ती पिंपाला टेकून बघत राहिली. राघूबाबा दारात आले आणि काळ्या चष्म्यातून आत डोकावले.

"लाल हाये."

"दम धरा, मामा."

"रस्त्याव लाल म्हंजी थांबायचं असतंय."

"म्हणून तर थांबलेय."

दोन-तीन मिनिटांनी दिवा पांढरा झाला. हिरानं मनातल्या मनात येळकोट म्हटलं. मग डीव्हीआरच्या पाठीतलं जुनं टोक काढलं. त्याची एक नखभर खिट्टी दाबावी लागते, तेव्हाच ते सुटतं. ते टोक तिनं खिळ्याला अडकवून ठेवलं, षष्ठीनंतर काय ते बघू म्हणून. हातभर वायरीचं एक टोक डीव्हीआरमध्ये घातलं, दुसरं पांढऱ्या डब्याच्या भोकात. दोन्हीकडं टक् आवाज आला. भोकाशेजारी इवलासा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. याचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता, पण दोघं काहीतरी बोलताहेत, एवढं दिसत होतं.

सासऱ्यांच्या मोबाइलात बघितलं. डिव्हाइस सापडत नाही.

राघूबाबा दारातून वळले. ओसरीवर गेले. त्यांनी घोंगडी झटकल्याचा आवाज तिला आत ऐकू आला, आणि लगोलग तुकाबाईचा, की धूळ डोळ्यात जाईल, द्या इकडं. चार वाजून गेले होते. मार्गशीर्षातला दिवस, सहाच्या आत मावळतो.

हिरानं पुन्हा पहिल्यापासून बघितलं. नवा डबा पांढरा, म्हणजे त्याला नेट आहे. हिरवा दिवा लागलाय, म्हणजे वायर बरोबर आहे. मग अडलं कुठं? डीव्हीआर मात्र काल होता तसाच घुं घुं करत होता. त्याला कळलंय का, की आपली जागा बदललीय? तो वर्षभर जुन्या राउटरच्या घरात राहिला. त्यानं जो काही पत्ता दिला असेल, तोच हा धरून बसला असेल. विकत आणलेली मेंढी नाही का, दावं सोडलं की जुन्या मालकाच्या रस्त्याला लागते. तिला एकदा बांधून ठेवावं लागतं.

बंद करून चालू करायचा, दुसरं काय. पण आतलं साठवलेलं चित्र गेलं तर, म्हणून ती जरा थबकली. मग बटण बंद केलं. पंखा थांबला. शंभरपर्यंत आकडे मोजले आणि चालू केलं. डीव्हीआरनं एक बारीक शिट्टी दिली. ती उठून चुलीकडं गेली, चहाचं आधण ठेवलं, ते उकळेपर्यंत मुद्दाम तिकडं फिरकली नाही.

चहाचा कप घेऊन ओसरीवर आली, सासऱ्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि शोधायचं बटण दाबलं. गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि एक नाव खाली आलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. पडदा काळा झाला आणि मग वाडा दिसला. जाळी, गव्हाण, आणि संध्याकाळच्या उन्हात रवंथ करणारी मेंढरं.

तिनं मोबाइल त्यांच्या पुढं धरला. राघूबाबांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"कालचं न्हाई ना हे?"

"आत्ताचं हाये, मामा."

"कशावरनं? मेंढरं काल बी अशीच बसली व्हती. परवा बी."

तुकाबाईनं कपाळाला हात लावला. हिरा मात्र हसली नाही. प्रश्न बरोबर होता. तिला स्वतःला तो सुचायला हवा होता. पडद्यावरचं चित्र हे आत्ताचं आहे, हे कशावरून? ती म्हणाली, तुम्ही मोबाइल धरून बसा, मी वाड्यावर जाते. तुम्ही आत्याच्या, म्हणजे तुकाबाईच्या, फोनवरून सांगाल तसं तिथं करते. ते दिसलं तर आत्ताचं.

ती बांधावरून चालत गेली. ऊस उभा होता, वारा पडला होता. वाड्याच्या दाराची जाळी सोडून ती आत शिरली, तशी मेंढरं उठून उभी राहिली. फोन वाजला.

"दिसतेस," राघूबाबा म्हणाले. आवाजात अजून पुरता भरवसा नव्हता. "डावा हात वर कर."

तिनं केला.

"आता त्या काळ्या कानाच्या मेंढीला धर. तिच्या मागच्या पायाला काय झालंय? परवा नव्हतं."

हिरा वाकून बघायला लागली. खुराच्या बेचक्यात काटा होता. ती सकाळीच शेजारून गेली होती आणि तिला काही दिसलं नव्हतं. एकाच डोळ्यानं, काळ्या चष्म्यातून, शंभर पावलांवरून म्हाताऱ्याला मेंढीचा उचललेला पाय दिसला. तिनं मेंढी मांडीत घेतली, नखानं काटा ओढून काढला आणि कॅमेऱ्याकडं धरून दाखवला.

"आता जाळीत एक मेंढरू जाईल येवढीच वाट ठेव," ते म्हणाले, "आन् एक एक पलीकडं काढ. घाई करू नगंस."

ती वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. मेंढरं एकामागून एक तिच्या गुडघ्याला घासत पलीकडं गेली. फोन कानाशी धरलेला. राघूबाबा आयुष्यभर मोजत आले तसे मोजत होते, वीस झाले की एक विसा, मग पुन्हा पहिल्यापासून. मधे एक कोकरू उलटं फिरलं तर त्यांनी तिला सांगायच्या आधीच आकडा धरून ठेवला. दुसरा विसा झाला. शेवटची तीन गेली आणि ते थांबले.

"दोन विसा न् तीन," ते म्हणाले. "भरली. तू ये आता घरी, अंधार पडंल. मी न्हाई जात आज वाड्याव."

हिरानं मेंढरं परत आत घेतली, जाळीची गाठ मारली, ती दोनदा ओढून बघितली आणि घराकडं चालायला लागली.